सोपट

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांच्या पाकिटामागं
दोन हाडं काढली, मधे चार रेघा.
म्हणाल्या, ही दोरी. लिगामेंट.
मी म्हटलं, बाई, हे तर आमचं सोपट.

केळीच्या बुंध्याचं, वाळलेलं.
पाटात भिजवलं की पाहिजे तशी गाठ घेतं.
कोरडं ओढलं, तर आधी कुरकुरतं,
मग सुटतं एकेक धागा.

'तुटली नाहीये,' त्या म्हणाल्या,
'ताणून ताणून सैल झालीय.
केव्हा लागलं होतं?'

कोणतं केव्हा सांगू?

चोपड्याला, रात्रीच्या सामन्यात,
यावलच्या फकिरा तडवीनं घोटा धरला.
मी मधल्या रेषेकडं झेपावलो,
अंग निघालं, गुडघा मागंच राहिला.
बोटाचं टोक रेषेला टेकलं.
पंचाची शिट्टी आणि आतला टक्
एकाच वेळी झाले,
म्हणून मी फक्त शिट्टी ऐकली.

रात्री आंबेहळद बांधली.
सकाळी सहाला ऐनपूरच्या मळ्यात,
गाडी भरायची होती.

वीस किलोचा घड, खांद्यावर गोणपाटाची उशी,
ठिबकच्या नळ्या ओलांडायच्या, दांड ओलांडायचा,
पाय चिखलात एकीकडं रुततो
आणि ओझ्यासकट अंग दुसरीकडं वळतं.
दिवसाला किती घड, ते मुकादमाच्या वहीत आहे.
किती वेळा वळलो
ते कुठल्याच वहीत नाही.

पुढं उजव्याचं काम डावा करू लागला,
डाव्याचं कंबर.
आई म्हणायची, उसण भरली.
मला ते लहानपणापासून 'उसनं' ऐकू येतं,
शेजारून वाटीभर साखर आणावी तसं.
गुडघ्यानं कंबरेकडून आणलं,
कंबरेनं पाठीकडून,
पाठीनं मानेकडून.
परत कुणी कुणाच्या दारी गेलं नाही.

एकतीस वय आहे माझं.
भरीत पार्टीला सगळे केळीच्या पानापुढं मांडी घालतात,
मला क्रेट पालथं करून देतात.
ताट मग मांडीवर.
गप्पा खाली चालतात, मी वरून हसतो.

सहा आठवडे भार नको, बाई म्हणाल्या.
त्यांनी पट्टा दिला, व्यायाम शिकवला,
टाच हळूहळू सरकवायचा.
मी मान डोलावली.
गाड्या तर रोज लागतात.

संध्याकाळी शाळेच्या मैदानाकडेला बसतो, तेच क्रेट घेऊन.
बहिणीची जुलेखा चढाईला जाते,
गावात तिच्यासारखी कुणी नाही.
दिवसभर कटतीवर घड उचलून येते
आणि चप्पल भिरकावून थेट रेषेवर उभी राहते.
मी ओरडतो, आधी दोन चकरा मार, अंग गरम कर.
'कशाला, मामा?'
सोपट भिजव, म्हणतो.
ती हसते. मारते एकच चकरा, तीही अर्धी.

मग उडी घेते. उतरताना
डावा घोटा किंचित आत वळतो.
ती पटकन इकडंतिकडं बघते, कुणी बघितलं का,
आणि पुन्हा दम धरते.

मी बघितलं.