पुठ्ठ्यावरचा पंचनामा

तीन मार्च, सकाळी सव्वासहा.
गाडीखाली रात्री सरकवलेला गुळाच्या खोक्याचा पुठ्ठा
कुबडीच्या टोकानं ओढून बाहेर काढला.
डाग अकरा. रंग तांबडा.
मुंग्या गुळाच्या वासावर आलेल्या,
डागांना वळसा घालून चाललेल्या.

सत्तावीस वर्षं कोर्टात टायपिंग केलं मी.
दिसलं तेवढंच लिहायचं,
वाटलं ते नाही.

गाडी जुनी, दोन पेडलांची.
क्लच नाही म्हणून घेतली.
डावा पाय पोलिओनं लहानपणीच रजेवर गेलेला,
साहेबासारखा नुसता बसून असतो,
राबतो उजवा.

शोरूमवाला म्हणाला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल,
पार्ट चेन्नईहून येणार, साठेक हजार धरा,
त्यापेक्षा भंगारात घाला, मॅडम.
भंगार म्हणताना तो कुठं बघत होता
ते मला वाटलं.
म्हणून लिहीत नाही.

मग उद्यमनगर. दस्तगीर शिकलगार.
शेजारच्या लेथचं कुरकुरणं, पायाखाली लोखंडाचा कीस.
गाडी सपाट जागेवर घेतली, इंजिन तापू दिलं,
बंद केलं नाही.
लिव्हर एकेका घरात नेऊन पुन्हा ‘पी’वर आणला,
डिपस्टिक ओढली, जुन्या धोतराच्या चिंधीवर टेकवली,
चिंधी नाकाशी धरली.
"जळका वास न्हाई. डाळिंबागत रंग हाय.
आतलं माणूस जितं हाय, बाई."

खड्ड्यातून नेमगोंडाचा आवाज:
"समदंच ओलं हाय, चाचा. पॅनचं गास्केट गेलं."
"ओलं हाय म्हंजे तितनंच गळतंय असं न्हवं.
गाडी पळती तवा वारं तेल मागं ढकलतंय.
थेंब पडतोय तिथं बघू नगंस.
सगळ्यात वर कुटं ओलं हाय, त्ये सांग."

मला आमचे हाडांचे डॉक्टर आठवले,
दुखतं कंबरेत, आणि हे महिनाभर गुडघा शेकायला सांगत होते.

डिझेलनं धुतलं, हवा मारून कोरडं केलं.
"पावडर हाय का बाई? तोंडाची?"
पर्समधला डबा दिला.
नेमगोंडानं तो हात आखडता न घेता उधळला,
गिअरबॉक्स हळदीला निघाल्यासारखा पांढरा.
मग दस्तगीरनं गाडी शिरोली नाक्यापर्यंत पळवली.
मी शेजारी. माझ्याच गाडीत डावीकडं
पहिल्यांदा बसले. तिथून रस्ता जरा वेगळाच दिसतो.

परत खड्डा, बॅटरी.
पावडरीत एक गुलाबी रेघ,
सुईच्या दोऱ्याएवढी,
आणि ती गिअरबॉक्समधून निघालेलीच नव्हती.
वर, पुढं, स्टिअरिंगच्या होजला चीर.
"दोन्हीकडं तेल तेच, बाई. घर दुसरं."
होज मागच्या गल्लीत दाबून मिळाला,
सहाशे पन्नास रुपये.

घरी येताना मनातल्या मनात टाइप केलं:
संशयाचा फायदा देऊन नव्हे,
गिअरबॉक्स निर्दोष.

आठ दिवसांनी पुठ्ठा काढला.
डाग एक.
नवा. तांबडा.

पुन्हा उद्यमनगर. यावेळी तो स्वतः खड्ड्यात उतरला,
बराच वेळ वर आला नाही.
इंजिन आणि बॉक्स जिथं जुळतात तिथलं बोट
मला दाखवत म्हणाला,
"फुडचा सील. पाझरतोय. घाम समजा.
ह्येच्यासाठी बॉक्स उतरवला
तर दुसरं कायतरी बोलाय लागंल.
म्हयन्याला डिपस्टिक बगा. खुणंच्या खाली गेली, की या."
पैसे घेतले नाहीत. नेमगोंडानं चहा आणला,
त्याच्या बोटांचे ठसे कपावर.

निकालात दुरुस्ती करावी लागली.
‘निर्दोष’ खोडून काय लिहायचं ते सुचलं नाही,
जागा कोरी ठेवली.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
सपाट जागा, गरम इंजिन, चिंधी.
वहीत तारीख, पातळी, वास.

आज: पातळी खुणेवर. डाग एक.
मुंग्या नाहीत.
पुठ्ठा साबणाच्या खोक्याचा होता.