परतीचा रकाना

टेबलावर नकाशा. सोहार वरच्या कोपऱ्यात, सलाला पार खाली.
चार कोपऱ्यांवर चार वजनं : पान्हा, लोणच्याची बरणी,
निहारचं गणिताचं पुस्तक आणि माझा चष्मा.
चष्मा सारखा लागतो,
मग मस्कतकडची बाजू गुंडाळत येते.

यशवंत किलोमीटर लिहितो. मी पोटं लिहिते,
सुपरमार्केटने फुकट दिलेल्या कॅलेंडरच्या मागे :
कोणाला किती वाजता भूक लागेल,
निहारला कुठल्या वळणावर मळमळेल.
दुक्मच्या पुढे पंप किती लांब,
तीन जणांना विचारलं, तीन उत्तरं आली.
चौथा म्हणाला, इन्शाल्ला.
मी दहा लिटरचा डबा जादा धरला.

मगरिबनंतर गाडी नाही. हे मी लाल पेनाने लिहिलंय.
उंटाला मागचा दिवा नसतो.

आठ वर्षं ही सहल पुढच्या डिसेंबरात होती.
आधी ओवीचे पाय फूटरेस्टला पोचेनात.
मग प्लांटचं शटडाऊन, मग मामंजींचं बायपास,
मग माझा परवाना : तीनदा नापास,
आठाच्या आकड्यात पाय टेकला म्हणून.
इचलकरंजीत मी लूनावरून सुताचे दोन गठ्ठे
आणि धाकटी बहीण एकाच खेपेत नेत होते,
पण ते कुठल्या कागदावर नाही.
चौथ्यांदा इन्स्पेक्टरने नुसती मान हलवली.
मी हेल्मेटच्या आत रडले. बरं असतं ते,
काच खाली केली की आपलं आपल्यापाशी.

ओवी माझ्यामागे बसणार.
बाबा फार जपून चालवतात, म्हणते.

दशम्या करणार आहे, दुधातल्या.
यशवंत म्हणतो, वाटेत चहा-पराठा कुठेही मिळेल,
चार दिवसांचं पीठ कशाला मळतेस?
मिळू दे. महूतच्या वाऱ्यात, वाळू दातांत कचकचत असताना,
फडक्याची गाठ सोडायला काहीतरी हवं.

मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं.
जागा इथल्या मुलांसाठी. यात चूक कोणाची नाही,
हमदान, ज्याला यशवंतनेच शिकवलं,
पत्र हातात ठेवताना त्याचीच नजर खाली होती.
कार्ड जूनच्या तीस तारखेपर्यंत.
त्या रात्री आम्ही काहीच बोललो नाही.
सकाळी उठले तर टेबलावर नकाशा पसरलेला.

एप्रिलात ऊन होईल, मी म्हटलं.
पहाटे चारला निघू, तो म्हणाला.
एवढंच. ठरलं.

दोन्ही गाड्या सलालाचा बखीत घेतोय.
फोटो पाहिले, किंमत फारशी पाडली नाही.
चालवत आणा, म्हणाला फोनवर,
म्हणजे गाडी काय आहे ते मलाही कळेल, तुम्हालाही.
तुम्हालाही का म्हणाला, कोण जाणे.
त्याचं हिंदी तसं कच्चंच आहे.

म्हणून यशवंतच्या तक्त्यात जाण्याचे पाच दिवस भरलेत,
मुक्काम, पंप, पंक्चरवाला, हासिकचा घाट,
मिरबातला समुद्रापाशी दुपारभर काही न करणं
(हे ओवीने घुसडलं, राहू दिलं),
आणि परतीच्या रकान्यात एकच ओळ :
रात्रीची बस, हैमावरून. बारा तास.
खिडकीतून काही दिसणार नाही. तो रस्ता सरळ आहे.

निहारने पेन्सिल मागितली.
बखीतकाकांना हेल्मेटं हवीत का?
नकोत, त्याची त्याला आहेत.
आणि विमानात?
माणशी तेवीस किलो, यशवंत म्हणाला. बघू.

तो बराच वेळ लिहीत होता, जीभ बाहेर काढून.
बसच्या ओळीखाली : चार हेल्मेटं. मांडीवर.
मग खोडलं. विचारलं,
बसमध्ये डोक्यात घालूनच बसलं
तर ड्रायव्हर ओरडेल का?

यशवंतने पान्हा उचलला, पुन्हा होता तिथेच ठेवला.
विचारून बघू, म्हणाला.