मोजता न येणारी नामं

डिचोली स्टँडसमोर, शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या माडीवर
मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी सहा ते सात,
आम्ही सात जण इंग्रजीत चुकतो.

माझी वही फुकटची.
बार्जच्या ट्रिपांची छापील पानं, खाणी थांबल्या तेव्हा उरलेली.
एका बाजूला रकाने : तारीख, धक्का, टन.
दुसऱ्या बाजूला मी.

धडा नववा. मोजता येणारी नामं, न येणारी.
कार्मेलीन टीचर फळ्यावर लिहितात :
पाणी, तांदूळ, धूळ, माती.
यांना एस लागत नाही. यांच्याआधी मेनी येत नाही.
मी म्हटलं, टीचर, माझ्या नवऱ्यानं
अकरा वर्षं माती मोजली. सहीनिशी.
त्या म्हणाल्या, मोजले ते टन गो बाय,
माती नव्हे.

शाणू गावसला बोटीवर जायचंय.
डोळे मिटून पुटपुटतो : बकेट, मॉप, लाइफजॅकेट, मॅडम.
मला हवंय कांदोळीच्या हॉटेलात हाऊसकीपिंग.
दारावर टकटक करून म्हणायचं वाक्य पाठ केलंय;
घरी कपाटावर टकटक करते, म्हणते, थांबते.
आतून कोणी नको म्हणत नाही.

मग एका शुक्रवारी ते आलं.
हॅज गॉन म्हणजे गेलाय, अजून तिथंच आहे.
हॅज बीन म्हणजे जाऊन आलाय.
रिकामी जागा भरा :
माय हजबंड, पुढे रेघ, पुढे टू मस्कत.

आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत.
तोही पहाटे साडेतीनला, बॅग उंबऱ्यापाशी,
सासूनं हातावर घातलेलं दही चाटत
येतो म्हणाला.
हे कुठल्या काळात बसवू?
भविष्यकाळ म्हणावा, तर एक पाय रिक्षात होता.

गॉन लिहिलं. खोडलं. बीन लिहिलं. खोडलं.
कागद तिथं इतका विरला
की पलीकडचा आकडा उमटून दिसू लागला,
सातशे चाळीस टन.

टीचरनी वही बराच वेळ धरली.
लाल पेनानं हजबंडचं स्पेलिंग तेवढं सुधारलं
आणि पान उलटलं.

रात्री त्याचा फोन. मागे कुठलंतरी मशीन चालू.
काय शिकलीस आज?
म्हटलं, धूळ.
तिला एस लागत नाही.