शिफारसपत्र

उमेदवाराला आपण केव्हापासून ओळखता?
झऱ्यावर रांगेत उभी राहायची, तेव्हापासून.
वीस लिटरची पिवळी बादली भरायला
किती सेकंद लागले, ते लिनेओ
कोळशाने दगडावर लिहायची.
एकोणचाळीस. बेचाळीस.
त्या हिवाळ्यात एकशे दहा.

संशोधनाचा पूर्वानुभव?
वरीलप्रमाणे. दगड जोडता येत नाही.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न?
अकरा शेळ्या. ऑगस्टच्या बर्फानंतर आठ.

पाणी हाच विषय का?
साहेब, आमच्या घरांखाली धरण आहे,
निळंशार, तुमच्या नकाशातही दिसेल.
त्याचं पाणी बोगद्यातून परदेशी शहरात जातं.
आम्ही ते वरून बघतो,
आणि झऱ्यावर जातो.

याआधी तिने सात अर्ज केले.
दोन ठिकाणी वय आडवं आलं, एकीकडे परीक्षेची फी.
बाकीच्यांनी कळवलंच नाही.
हा आठवा. मुदत आज रात्री बारा.
तुमचे बारा की आमचे, ते कुठे लिहिलेलं नाही,
म्हणून दुपारीच पाठवतोय,
ढग उतरला की डोंगरावर नेटवर्क जातं.

सही : मोत्लात्सी सेकेटे,
भूगोल शिक्षक, मोखोतलाँग, लेसोथो.

शिक्क्याची शाई वाळून गेली होती.
तिनेच बाटलीतून थेंबभर पाणी घातलं.
ठसा फिकट आलाय.
वाचता येईल.