टेस्टर

कुतैसीच्या बंद रेशीम गिरणीतल्या तळघरात
सहा बायका, सहा लाकडी फळ्या, तारांची भेंडोळी.
ओतार मास्तर म्हणाले, हात लावण्याआधी
प्रवाह आहे का ते बघायचं. दर वेळी.

नाझिब्रोलाला हसूच आलं.
चौदा वर्षं ती दुसरं काय करत होती?
जिन्यावरचे बूट, कुलपात फिरणारी किल्ली,
पेला टेबलावर कसा आदळला
यावरून आज घरात किती व्होल्ट, ते ओळखायचं.
त्याचं प्रमाणपत्र कुणी दिलं नव्हतं.

इथे मात्र टेस्टर पेटला नाही, तर नाही.
तार मेलेली म्हणजे मेलेली,
मागून येऊन धरत नाही.

पहिलं काम दंतवैद्याकडे, तीन सॉकेट.
साठ लारी. तिनं मोजले,
सवयीनं पुन्हा मोजले, हिशेब द्यायचा असल्यासारखे.
मग पाव घेतला, चीज घेतलं,
उरलेली मोड तशीच खिशात टाकली.

संध्याकाळी भाड्याच्या खोलीत
लेक म्हणाली, आई, मोरीतला दिवा लुकलुकतोय.
बघते उद्या, म्हणाली ती,
आणि पाय पसरून
बसून राहिली.