आठ फूट पाइप

बोस्त्यांव कागद घेऊन आला तेव्हा
मी ट्रकच्या हौद्याला ठिगळ लावत होतो.
कागदावर बॉलपेननं काढलेलं आगगाडीचं इंजिन:
आडवं पिंप, एका टोकाला भट्टी,
दुसऱ्या टोकाला धुराडं.
"स्मोकर, मेस्ता. आग शेजारच्या खोलीत, मांस या खोलीत.
मध्ये दार नाही, नुसती वाट."
एकवीस वर्षं तारवावर काढलेला माणूस,
ह्यूस्टनच्या बंदरात एकदाच जेवला
आणि ते जेवण अजून पचलेलं नाही.

किती मोठा हवा?
त्यानं हात पसरले. हात पुरेनात
तेव्हा चालत दुकानाच्या दारापर्यंत गेला.

पाइप होता माझ्याकडे. शेळवणच्या धक्क्यावर
मोडीत निघालेल्या बार्जचा,
वीस इंच रुंद, आठ फूट लांब, पाव इंच जाड,
पोटात अजून खाणीच्या तांबड्या मातीचा पापुद्रा.
सहा फूट मांसाला, दोन फूट आगीला.
भट्टी तिसऱ्या हिश्शाची लागते
हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.
हिशेब बसत होता. म्हणूनच मला शंका आली.

रविवारी जेवायला किती?
"फेस्ताला साठ."
फेस्त वर्षाचं एक. रविवारी किती?
तो पाइपवर नखानं टिचक्या मारत राहिला.
"मी. आणि एस्पेरान्सा. तिचं पोट बारीक."
मग जरा वेळानं:
"कधी कधी पदेर. पाव द्यायला येतो तो."

हे बघ, मी डुक्कर खात नाही,
सोमवारी तर मासळीसुद्धा नाही,
पण लोखंडाची भूक मला ठाऊक आहे.
दोघांसाठी सहा फूट तापवशील
तर काजूची अर्धी फांदी नुसता पत्रा खाईल
आणि वर विचारेल, पुढे?
मग तू लाकूड वाचवायला हवा कोंडशील.
कोंडलेली आग जळत नाही, कुढते.
धूर पांढरा, जाड, ओल्या गोणपाटासारखा;
मांसावर डांबर बसतं, जिभेला मुंग्या येतात.
चांगला धूर दिसतो न दिसतो,
निळसर, कुणाच्या तरी घरात उदबत्ती आहे एवढाच.

फार लहान केलास तरी खोट आहे.
एक फाटं जास्त पडलं की आच चढते,
दिवसभर स्टूल टाकून जवळ बसावं लागतं.
"ते चालेल," तो म्हणाला.
"दिवस आहे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी एस्पेरान्सा स्कूटरवरून आली चांदरहून,
पर्समध्ये शिवणाची टेप.
विहीर ते चिकूचं झाड, सहा फूट चार इंच.
"आणि माझी कपड्यांची दोरी?
ती कुणाच्या नकाशात आहे?"

मी पाइप मधोमध कापला.
चारातले तीन मांसाला, एक आगीला,
फाटं वीतभर, त्याहून बोटभर जास्त नाही.
आतून खोबरेल चोळून पहिली आग मीच लावली,
रिकाम्या खोलीत, कुणासाठी नाही,
लोखंडाला वळण लागावं म्हणून.

उरलेले चार फूट
दारामागे उभे होते पावसाळाभर.
ट्रक येईनात, हात रिकामे,
तेव्हा त्याचाही तसाच एक केला.
गिऱ्हाईक विचारतं, सांगतो, ठरलाय.

फेस्ताच्या आदल्या रात्री टेम्पोत घालून नेतो.
चिकूखाली दोन बारीक आगी,
एकीजवळ बोस्त्यांव, एकीजवळ मी,
हाताच्या पाठीनं पत्रा चाचपत.
एस्पेरान्सा दोरी सोडून गुंडाळते
आणि आम्हा दोघांकडे बघत नाही.
पहाटे पदेर भोंपू वाजवत येतो,
सायकल टेकतो, विचारतो, दोन कशाला?
"साठ आहेत," बोस्त्यांव म्हणतो.

सोमवारी माझा मी परत आणतो.
दुकानभर वास राहतो,
नेमका मासळी न खाण्याच्या दिवशी.