काठिण्य आठ

शनिवारी रात्री साडेदहाला हर्षला म्हणाली,
मी चमच्याने भिंत पाडते.

तिचं पात्र तळघरात कैद, कुऱ्हाड पहारेकऱ्यांनी काढून घेतलेली,
आणि जेवणाच्या ताटलीतला तो पत्र्याचा चमचा
माझ्याच तोंडून, वर्णनाच्या भरात निसटलेला.
पुस्तक म्हणतं, भिंतीचा जीव नव्वद.
चमच्याचा घाव एक. मिनिटाला एक घाव धरला
तर दीड तासात किल्ला मोकळा.
झुबेरने वेफर्सच्या पुडीवर हिशेब मांडूनही दाखवला.

मी म्हटलं, थांबा. काठिण्य आठ.
आठच्या खालचा घाव दगडाला कळतच नाही.
लाकडाला पाच, लोखंडाला दहा,
काचेला कोण विचारतो.
मग पाणी तरी टपकतंय का कुठे, हर्षला म्हणाली,
मला जन्मठेप आहे, मी थांबेन.

हे तिने मला विचारायला नको होतं.

आठवडाभर मी हेच करतो.
रिबाउंड हॅमर कॉलमला टेकवायचा, दाबायचा,
तो आतून उलटा ठोसा देतो, आकडा दिसतो.
तिसाच्या वर बरं. विसाच्या खाली आलं
की मागे उभे सेक्रेटरी उगाच चहा मागवतात.
मग ड्रिलच्या भोकात औषधाची पिचकारी:
काँक्रीट धडधाकट असेल तर राणी रंग चढतो,
नवरीच्या मामीच्या शालूसारखा.
नसेल तर ओलं होतं. नुसतंच.

भिंत घावांनी मरत नाही, मी सांगत सुटलो,
खेळ वीस मिनिटं तसाच.
खाडीवरून खारी हवा येते, केसाएवढ्या भेगेतून आत,
सळईला गंज चढतो, गंज फुगतो,
जागा मागतो, आतून ढकलत राहतो,
वरून रंग मात्र गेल्या दिवाळीचा.
कुणी मारलेलं नसतं. कुणाचाच डाव नसतो.
एक दिवस स्लॅबचा तुकडा आमटीत.

मग तसा नियम कर ना, उन्मेष म्हणाला.
मी वहीत लिहिलं:
भिंतीला जीव नसेल, वय असेल.
दर पावसाळ्याला एक फासा, पाण्याजवळ दोन.
आकडा खेळाडूंना सांगायचा नाही.
ठोकून बघेल त्याला फक्त आवाज सांगायचा,
टणक, किंवा पोकळ.

हर्षलाने भेळेतला चमचा उचलला, चाटला,
आणि दांडी ठोकली. किल्ल्यात नाही,
माझ्या घरात, कॅलेंडर आणि कपाटाच्या मधल्या कॉलमवर.
सगळे हसले.
मी आवाज ऐकला.

कन्नमवार नगर, तळमजला अधिक तीन.
आमच्याकडे फासा खाली पडला की कपाटाकडेच घरंगळतो.
तीन वर्षं आम्ही त्याला घरच्या मैदानाचा फायदा म्हणतो
आणि परातीत फासे टाकतो.
सोसायटीची तपासणी मीच दुसऱ्या फर्मला द्यायला लावली,
आपल्या घरची नाडी आपण बघू नये म्हणून.
अहवाल सोमवारी. मला शुक्रवारीच कळलाय,
त्या फर्ममधला सावियो माझ्याबरोबर डिप्लोमाला होता.
घरात अजून बोललो नाही.
आईने परवाच नवीन पडद्यांचं माप घेतलं.

टणक की पोकळ?
चमचा अजून कॉलमला टेकलेला.

तुझा डाव संपला, मी म्हटलं. उन्मेष, टाक.
त्याने विसाचा फासा टाकला,
तो परातीची कड ओलांडून
गेलाच सवयीने कपाटाखाली.
मी पालथा पडून हात घातला.
फासा सापडला. बोटांना आणखी थोडी रेती
आणि एक तपकिरी पापुद्रा,
कांद्याच्या सालीइतका हलका.

किती पडले? वरून तिघांचे आवाज.

पुन्हा टाक, मी खालूनच म्हटलं,
जमिनीवरचा आकडा आपण धरत नाही.